कोणत्या हाकेला ओ देतात?

मित्रांनो, मी एक जुना रकाना आहे. वहीतला नव्हे, संगणकावरचा. वृद्धांच्या एका शुश्रूषागृहाची कामकाजाची वेबसाइट आहे, तिथे माझं घर. आम्हा रकान्यांना एकदाच घडवायचं आणि मग हव्या त्या यादीत बसवायचं. आम्ही सगळे एका पानावर ओळीने उभे असतो. पान उघडा, बघा, हवा तो उचला. इतकं सोपं आहे, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

मला घडवलं मोठ्या सिस्टरनी. तेव्हा त्या इथल्या मुख्य परिचारिका होत्या. एका आजोबांनी जेवण सोडलं होतं. 'आजोबा', 'काका', 'साहेब' असं सगळं म्हणून झालं, पण ते ढिम्म. एक दिवस त्यांची थोरली बहीण भेटायला आली आणि दारातूनच म्हणाली, "नान्या, ताट का रे तसंच?" आजोबांनी मुकाट्याने ताट पुढे ओढलं. बाकी सगळं विसरले होते, तेवढी हाक उरली होती. त्याच दुपारी सिस्टर संगणकासमोर बसल्या आणि त्यांनी माझं नाव लिहिलं, 'कोणत्या हाकेला ओ देतात?'

काय रुबाब होता माझा तेव्हा! स्वयंपाकघराच्या यादीत मी, औषधांच्या यादीत मी, व्यायामाच्याही यादीत मीच. माझ्यात बघून वाढणाऱ्या मावशी कुणाला 'मास्तर' म्हणत, कुणाला 'बेबी', आणि ताटं रिकामी होऊन परत येत. "गुणाचा आहे गं माझा रकाना," असं सिस्टर त्यांना कौतुकाने सांगायच्या.

पुढे सिस्टर निवृत्त झाल्या, जुन्या मावशीही काम सोडून गेल्या. नव्या व्यवस्थापकबाई आल्या, नव्या याद्या आल्या. आमचं पान न बघताच त्यांनी प्रत्येक यादीत नवा रकाना केला, 'पूर्ण नाव'. जुन्या याद्या बंद पडल्या आणि मी पानावर नुसताच उभा राहिलो.

गेल्या हिवाळ्यात मोठ्या सिस्टर परत आल्या, पण कामावर नव्हे. भाच्याने त्यांना हाताला धरून आणलं. स्वतःचं नावही त्यांना आठवत नव्हतं. आता सगळे त्यांना 'आजी' म्हणतात आणि त्या वळूनही बघत नाहीत. व्हरांड्यात कोणी नर्सला 'सिस्टर' अशी हाक मारली, की मात्र लगबगीने उठतात. "आजी, तुम्हाला नाही बोलावलं. बसा बघू," म्हणून त्यांना परत बसवतात. यादीत शेरा पडतो, 'सिस्टर म्हटलं की उगाच उठतात. जेवण परत.' तो वाचून माझं काळीज तुटतं. उत्तर त्याच ओळीत लिहिलेलं आहे, पण प्रश्न विचारायला मी तिथे नाही.

आज व्यवस्थापकबाईंनी पहिल्यांदाच आमचं पान उघडलं.

"हा कुठेच वापरात नाही," संगणकवाला म्हणाला. "काढून टाकू?"

"केला कोणी होता?"

"काय माहीत. असेल जुनं कोणीतरी."

"मग काढा."

जेवून आल्यावर काढतो, म्हणून तो गेलाय. तेवढाच वेळ माझ्या हाती आहे.

मित्रांनो, मी गेलो तर एक ओळ कमी होईल, माझं काही नाही. पण नवं करण्याआधी आधीचं एकदा बघत जा. ते कोणीतरी, कोणासाठी तरी, मायेने केलेलं असतं. आणि तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला असाल, तर कोपऱ्यातल्या खोलीपाशी जरा थांबा. ताट झाकून ठेवलंय. आजी म्हणू नका. दारातून एवढंच म्हणा, "सिस्टर, जेवून घ्या."

त्या ओ देतील.