पिंपं भरायचा ठेका

आमच्या डोंबिवलीच्या कारखान्याने शहाण्णव साली माल पाठवायचं काम ठेकेदाराला दिलं. "आपण रसायन बनवायचं. गाड्या, हमाल, पोचवणं ही बाहेरच्यांची डोकेदुखी," असं आमचे नवे मॅनेजर म्हणाले. केबिनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस! ठेकेदाराचं ऑफिस ठाण्याला नौपाड्यात. तीन महिने त्याची परीक्षा होती. तो नापास झाला तर आमचं डिस्पॅच खातं वाचणार. पास झाला तर मी, म्हणजे डिस्पॅचचा कारकून, मुकादम गोमाजी आणि आठ हमाल घरी.

गोमाजी कोपरच्या खाडीकडचा, बावीस वर्षं पिंपं भरत आलेला. ऊन खाल्लेलं पिंप आतून फुगतं. गोमाजी प्रत्येक झाकणावर बोटाच्या पेराने टकटक करून आवाजावरून ते ओळखायचा. तसलं पिंप निघालं की आधी बूच जरासं सैल करून वाफ सोडायची, मगच ते आडवं करून गडगडवत न्यायचं. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहायचं काम माझं होतं.

ठेकेदाराच्या माणसांना शिकवायचा हुकूम आला तेव्हा गोमाजी मला म्हणाला, "भाऊसाहेब, गारी कशी भरायची, दोर कसा बांधायचा, सगलं सांगीन. पिंपाचं मातर नाय सांगनार. आपल्याच पोटावर आपुन पाय द्याचा का?"

मी मान डोलावली. चार पिंपं गळतील, बोंबाबोंब होईल, ठेकेदार गाशा गुंडाळेल, असं मी धरून चाललो. एखाद्या माणसाला इजा होईल हे मनात आलंच नाही म्हणालो तर खोटं होईल. आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

त्या माणसांत साताऱ्याकडचा नाथा होता. दुपारी आमच्यातच जेवायला बसायचा, गोमाजीच्या डब्यातले बोंबील हक्काने उचलायचा. "खा रं," गोमाजी म्हणायचा, पण पिंपाची गोष्ट काढायचा नाही.

मे महिन्यात भर दुपारी नाथाने एक पिंप आडवं केलं आणि बूच उडालं. सगळं तोंडावर. गोमाजी पाण्याचा पाइप घेऊन धावला. "माजं चुकलं रं, माजं चुकलं," असं ओरडत होता. नाथाचे दोन्ही डोळे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या जागी दुसरा माणूस हजर. गाडी वेळेवर सुटली. पूर्वी युनियन आली असती, इन्स्पेक्टर आला असता. या वेळी मॅनेजरनी नौपाड्याला एक फोन केला, आणि पंधरा दिवसांत ठेका कायम झाला. अपघाताने ठेका मोडेल असं आम्हा गाढवांना वाटलं होतं. ठेका दिला होता तो अशाच दिवसासाठी.

नाथाची बायको मालन गेटवर आली. नौपाड्यातल्यांनी तिला सांगितलं होतं, कारखान्यात विचारा. मॅनेजरनी मला पुढे केलं.

"बाई, नाथा आमच्या हजेरीपटावर नव्हता," मी म्हणालो.

"मग आमचं ह्ये रोज कुठं येत हुतं?" तिने विचारलं.

माझ्यामागे उभा असलेला गोमाजी पुढे झाला, "चल बाय, तुला सांगतो," म्हणाला आणि तिच्याबरोबर गेटाबाहेर गेला. तो पुन्हा कामावर आला नाही.

मी माझा शेवटचा आठवडा पुरा भरला.