घरची शांतता, बावीस मिनिटं

डाव्या चपलेचा पट्टा सैल होता, आणि त्या सैलपणातच तिची सगळी कला होती. उजवी चप्पल नुसती चप्पल होती. डावी मात्र प्रत्येक पावलाला टाचेपासून जराशी सुटायची आणि मग उशिरानं, नाइलाजानं जमिनीवर यायची — जणू तिलाही यायचं नव्हतं. गेले तीन दिवस तो ह्या चपला घालून एका लाकडी फळीवर जागच्या जागी चालत होता. समोर पडद्यावर एक देखणा नट स्वयंपाकघरातून झोपायच्या खोलीकडे जात होता. पाय नटाचे, आवाज ह्याचा. पडद्यावरच्या माणसांची पावलं, दारं, कपबशा, कुशीवर वळताना होणारी चादरीची सळसळ — हे सगळं मागाहून एका बंद खोलीत उभं राहून करायचं, हा त्याचा धंदा. सव्वीस वर्षांत तो राजा म्हणून चालला होता, खुनी म्हणून चालला होता, आणि एकदा तर गरोदर बाई म्हणूनही. त्या बाईंना पुढे नैसर्गिक अभिनयाचं पारितोषिक मिळालं.

ह्या वेळचा नायक म्हणजे, कागदावर लिहिलं होतं त्याप्रमाणे, ‘नैराश्यानं ग्रासलेला कुटुंबवत्सल पुरुष’.

“मास्तर, इतकं अचूक कसं जमतं तुम्हाला?” दिग्दर्शकानं विचारलं. हा एकोणतीस वर्षांचा, बंद खोलीतही टोपी घालणारा मुलगा. त्याला सगळे साहेब म्हणत, आणि तो कोणाला तसं म्हणू नका असं म्हणत नसे.

“सराव,” तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. पण नायकाचं आणि त्याचं एका बाबतीत अजिबात जुळत नव्हतं. नायकाच्या उदासीला कारणं होती — पहिल्या अर्ध्या तासातच नोकरी जात होती, भाऊ वारत होता, आणि एवढ्यानंही कोणाच्या लक्षात आलं नाही तर व्हायोलिन होतं. ह्याच्याकडे काहीच नव्हतं. नोकरी जागेवर, बायको शहाणी, मुलगी तेरा वर्षांची आणि बापापेक्षा उंच होण्याच्या बेतात... सगळं कसं व्यवस्थित, आणि त्या व्यवस्थित भिंतीत कुठूनशी ओल आली होती. नळ कुठे गळतोय ते त्यानं पुष्कळ शोधलं. नळ सगळे ठीक होते.

आणि धंदाही असा, की उदास माणसाला ह्याहून सोयीचा मिळायचा नाही. मागच्या सुट्टीत एका दुपारी बायको दारातून म्हणाली होती की मावशीकडे निघतोय, तूही चल, मुलगी वाट बघतेय. टेबलावर रेकॉर्डर होता. त्यानं नुसतं त्याच्याकडे बोट दाखवलं. बायकोनं लगेच ओठांवर बोट ठेवलं, मान डोलावली आणि दार अलगद ओढून घेतलं. एवढं सोपं होतं? डोकं दुखतंय म्हटलं की गोळी येते, कंटाळा आलाय म्हटलं की सल्ला येतो. रेकॉर्डिंग चालू आहे म्हटलं की कोणीच येत नाही. मग पुष्कळ दुपारी तो रेकॉर्डर टेबलावर आला. लाल दिवा लागायचा आणि तो खुर्चीत बसायचा. यंत्र आपलं काम प्रामाणिकपणे करायचं. दोघांपैकी एकानं तरी करायला हवंच होतं.

साहेबांना आज शांतता हवी होती. नायक खोलीत बसलेला आहे, बाहेर घर आहे — त्या जागी टाकायला. त्याच्या संग्रहात चाळीस तऱ्हेच्या शांतता होत्या: सुटलेल्या शाळेची, इस्पितळाच्या जिन्याची, ग्रंथालयाची (हिच्यात कोणीतरी घोरतं). साहेबांनी चारेक ऐकल्या आणि टोमॅटो दाबून परत ठेवावेत तशा बाजूला ठेवल्या.

“ह्या सगळ्या रिकाम्या घराच्या आहेत, मास्तर. मला भरल्या घराची पाहिजे. माणसं आहेत, आणि...” त्यानं हवेत हात फिरवला. “आणि बोलत नाहीयेत.”

तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण कारागिराला कारागिरीचा मोह आवरत नाही. त्यानं संग्रहातून ‘घर, बाहेरची खोली, मंगळवार, बावीस मिनिटं’ अशी चार महिन्यांपूर्वीची फाइल काढली. ती त्यानं कधी ऐकली नव्हती. शांतता कोण ऐकत बसतं?

पंखा. फ्रिजची घरघर. लांबवर नळाखाली भांडं धरल्याचा आवाज आणि लगेच तो बारीक केल्याचा. साहेबांनी डोळे मिटले, म्हणजे पसंती. खुर्ची एकदा करकरली — ती त्याचीच. अकराव्या मिनिटाला दार उघडलं आणि पावलं आली, अनवाणी, आधी चवडा मग टाच. दोन पावलांत त्यानं ओळखलं. अशा चालण्यावरूनच तर तिला सगळे खारू म्हणत. पावलं थांबली.

“बाबा, तू माझ्यावर रागावलायस का?”

साहेबांनी डोळे उघडले आणि हात वर केला. “थांबा... आता उत्तर.”

दोघंही पुढे झुकले. दोन कर्ती माणसं एका पेटीसमोर माना पुढे करून एका बापाच्या उत्तराची वाट पाहत होती, आणि त्यांतला एक तो बाप होता. पंखा फिरत होता. फ्रिज एकदा थरथरून बंद पडला, आणि मग तर काहीच उरलं नाही. सवयीनं तो सेकंद मोजत होता. दहा... वीस... सिनेमात एवढी शांतता कोणी देत नाही, लोक पाणी प्यायला उठतात. तिसाला खुर्ची करकरली आणि तो आणखी पुढे सरकला — आता हा बोलणार, आता वळणार हा गाढव — पण नुसतं एका कुल्ल्यावरचं वजन दुसऱ्यावर गेलं होतं. अडतिसाव्या सेकंदाला पावलं परत फिरली. दाराची मूठ आधी वळवून, खटका वाजू न देता दार लागलं. मग लांबून, स्वयंपाकघरातून, बायकोचा आवाज: काय म्हणाला? आणि मुलीचा, अगदी सहज: “काही नाही. काम करतोय तो.”

मी होतो तिथे. ती खुर्ची माझी, तो पंखा माझा, ते वजन माझं. डोळे मिटून चादर सुती की रेशमी ते सांगतो मी, अंधारात जिना चढणारा माणूस डावरा आहे का ते सांगतो... आणि चार हातांवर माझी मुलगी उभी राहून विचारते, आणि मला तो मंगळवार आठवतसुद्धा नाही. आठवते ती फक्त एक माशी. खिडकीच्या काचेवर वर चढायची, घसरायची, पुन्हा चढायची. तिचा आवाजही आला नाही फाइलमध्ये. आणि वर ती मला सांभाळून घेते. काम करतोय म्हणते.

“ही मुलगी कुठे मिळाली?” साहेब हळू आवाजात म्हणाला. “काय थांबलीय ती. आपल्या नायिकेला दाखवलं पाहिजे.”

“ती अभिनय करत नाहीये.”

“म्हणजे?”

“माझी आहे.”

साहेबानं टोपी काढली, ती कुठे ठेवावी ते न कळून परत घातली. मग वाक्य कापता येईल, नुसती शांतता ठेवू, असं काहीतरी पुटपुटला. आणि तेही नको असेल तर नको, असं म्हणाला. त्या क्षणी तो एकोणतीस वर्षांचाच दिसत होता. दाराशी थांबून त्यानं विचारलं, “उत्तर दिलंत ना नंतर?”

“हो,” तो म्हणाला. हे मात्र त्याला अचूक जमलं नाही.

चारलाच तो निघाला. रस्ताभर वाक्य जुळवत होता. ‘अगं, तू त्या दिवशी विचारलंस ना’ — हे फारच सहज. ‘मला तुझी माफी मागायचीय’ — हे वाक्य तर नायक शेवटच्या दृश्यात म्हणतो, पावसात. तेरा वर्षांच्या मुलीच्या प्रश्नाला चार महिन्यांनी उत्तर द्यायचं, तर मधल्या काळात तिनं ते स्वतःच देऊन टाकलं असणार, आणि मुलं अशी उत्तरं कोणाच्या बाजूनं देतात ते त्याला स्वतःच्या लहानपणावरून ठाऊक होतं. पत्र असतं तर निदान पोस्टावर ढकलता आलं असतं.

किल्ली कुलपात घातली तेव्हा आत हसणं चाललं होतं, मायलेकींचं. किल्ली फिरली आणि कोणीतरी बटण फिरवावं तसं ते खाली आलं. बायको बाहेर आली. आज लवकर? रेकॉर्डिंग करायचंय का, आम्ही आत बसतो, असं ती म्हणाली — टोमणा नाही, काही नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं. पाणी प्यायला तो स्वयंपाकघरात गेला आणि खुर्ची ओढली. खुर्ची वाजली नाही. त्यानं वाकून पाहिलं. चारही पायांना मोज्यांचे तुकडे बांधलेले होते, नीट दोऱ्यानं. त्याचेच तपकिरी मोजे. हरवले म्हणून त्यानं कधी तक्रारही केली नव्हती. ओट्यावर चमचे एका घडी घातलेल्या फडक्यावर निजवून ठेवले होते. म्हणजे ती शांतता आपोआप होती कुठे? दोघीजणी ती रोज करत होत्या, भांडं भांड्याला लागू न देता, त्याच्याइतक्याच निगुतीनं. आणि ह्यानं ती फुकट मिळाल्यासारखी वापरली होती.

“नको,” तो म्हणाला. “आज काही करायचं नाही.”

 बायकोनं हातातलं झाकण ओट्यावर ठेवलं, आणि ते थोडं वाजलं.

मुलगी तिच्या खोलीत नकाशा रंगवत होती. त्यानं “खारू” अशी हाक मारली आणि तिनं वर पाहिलं. जुळवलेली सगळी वाक्यं पायरीवरच राहिली होती.

“मी तुझ्यावर रागावलो नव्हतो,” तो म्हणाला.

तिनं पेन्सिल नकाशावरून उचलली. “कधी?”

त्यात खवचटपणा नव्हता. कुठली बस, असं विचारावं तसं तिनं विचारलं होतं. तो मंगळवार म्हणायला गेला आणि थांबला. कारण ती खरोखरच मदत करू पाहत होती.

“सुट्टीत विचारलं होतं तेव्हा?” ती म्हणाली. “की मावशीकडून आल्यावर? की मग ते... नाही, तेव्हा तू झोपलेलास बहुतेक.”

तो पलंगाच्या कडेवर बसला. लाज वाटेल ह्या तयारीनं तो आला होता, एका प्रश्नाचं एक उत्तर हातात घेऊन. आणि आता ते उत्तर कुठे ठेवावं तेच त्याला कळेना. तिनं पेन्सिल दातांत धरली आणि ती आठवू लागली, अगदी मनापासून, कपाळाला आठ्या घालून. आणि त्याला भीती वाटली — आता ही ‘जाऊ दे’ म्हणेल ह्याची. इतकी स्पष्ट, नाव घेऊन सांगता येईल अशी भीती त्याला कित्येक महिन्यांत वाटली नव्हती.