कोरडी फरशी

प्रभावतीनं सरकीच्या पेंडीचा चुरा डागावर पसरला आणि टाचेनं रगडला. पेंड तेल पिऊन ओली झाली, तशी ती झाडून सुपात ओढली, डागावर धुण्याचा सोडा टाकला आणि काथ्यानं घासायला बसली. ऊन अजून कापसाच्या जिनिंगच्या धुराड्यावरून खाली उतरलं नव्हतं. नवरा, बळीराम, येईपर्यंत फरशी वाळायलाही हवी होती.

ही शहाबादी फरशी मालकांनी, पुंडलिकरावांनी, दिवाळीला फाटकापासून पोर्चपर्यंत घातली. तेव्हापासून अख्ख्या घाटंजीत तिच्याइतका मान माणसांनाही नव्हता. त्यांच्या जीपखाली काळे डाग पडले तेव्हा मालक ओरडले नाहीत. "पुन्हा दिसले तर दुसरा डायवर पाहीन," एवढंच म्हणाले. बळीरामनं इंजिनाखाली झोपून गळती बंद केली. बौद्ध वस्तीतला तो पहिला डायवर. लायसन मिळालं त्या दिवशी वस्तीनं त्याला हार घातला होता, आणि तो हार कधी उतरतो याची वाट पाहणारेही गावात काही कमी नव्हते.

मालकांचं अंगण झाडायचं काम प्रभावतीकडे. गळती बंद झाल्याच्या दुसऱ्याच सकाळी तिला मागच्या चाकापाशी तेल दिसलं. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो जेवला नसता. तिनं पुसून टाकलं. हे तेल काळंही नव्हतं. पातळ, पिवळसर, निघायला सोपं. आज पाचवी सकाळ, आणि डाग भाकरीएवढा झाला होता.

बळीराम आला तो आल्याआल्या वाकला आणि जीपखाली पाहून खुशीत उठला.

"पाह्यलं? कोरडी ठणठणीत! यवतमाळच्या मिस्त्रीले जमलं नसतं असं."

"व्हय ना," ती म्हणाली, आणि सूप पायानं मागं सरकवलं.

"ब्रेक तेवढा खाली जाऊन राह्यला. दोनदा दाबा लागते. पन तेल तं कोठीच सांडलं नाई, मंग भेव नाई."

काथ्या झटकणारा तिचा हात थांबला.

"ब्रेकातबी तेल रायते?"

"मंग? तुले काय वाटलं, ताक टाकतेत? एरंडेलावानी वास रायते. पातळ, पिवळं."

प्रभावतीनं बोटं नाकाशी नेली. मग पदराला पुसली.

तेवढ्यात मालक लेकीला घेऊन पोर्चमध्ये आले. लेकीला सातवा महिना. यवतमाळच्या दवाखान्यात दाखवायचं होतं.

"बळीराम, उतारावर सांभाळून बरं. पोर अवघडलेली आहे."

"फिकर नका करू मालक. गाडी एकदम चंगी हाय."

लेकीनं जीपमध्ये एक पाय ठेवला. प्रभावती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ताई, बसू नका."

"काहून वं? तुले काय झालं?" बळीरामनं हसून मालकांकडे पाहिलं.

"चाकापाशी तेल होतं. पाच दिसापासून. मीच पुसून टाकत होती."

बळीराम चाकाशी उकिडवा बसला आणि टायरच्या मागं हात घातला. हात ओला निघाला. त्यानं बोटांचा वास घेतला. उठायला त्याला बराच वेळ लागला, आणि उठल्यावरही त्यानं बायकोकडे पाहिलं नाही.

"मालक, गाडी आज निंघत नाई."

"पुसायला कोणी सांगितलं होतं?" पुंडलिकरावांनी प्रभावतीला विचारलं.

"कोनी नाई."

लेक पोर्चच्या पायरीवर बसली होती, दोन्ही हात पोटावर.

बळीरामनं किल्ली काढली आणि रोजच्यासारखी पोर्चच्या कठड्यावर ठेवायला निघाला. तो बाजूला झाला की मालक ती तिथून उचलत. चार वर्षांत एकदाही त्यांनी ती त्याच्या हातून घेतली नव्हती. आज पुंडलिकराव दोन पायऱ्या उतरले आणि त्यांनी हात पुढं केला.

बळीरामनं बोटं सदऱ्याला पुसली. पुन्हा पुसली. मालकांचा हात तसाच पुढं होता.