रेघेच्या आतली पाचवी

पोलीस पाटलाला दोन्हीकडून बोलणी खावी लागतात, हे वडिलांनी मला पाटीलकी देतानाच सांगितलं होतं. गाव म्हणतं हा सरकारचा, सरकार म्हणतं हा गावाचा. खरा कुणाचा, हे बत्तीस सालच्या माघापर्यंत मी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

आमचं गाव थळ आणि किहीमच्या मधे. बंदराच्या वाटेवर, सुरूच्या झाडांत, सरकारने पुरुषभर उंचीचा एक दगडी खांब उभा केला आहे. त्यावर कोरलंय, 'या गावातून नऊ माणसे महायुद्धास गेली. त्यांपैकी दोन मेली.' बस्स. नऊ कोण आणि दोन कोण, ते नाही. त्या दोघांतला एक गावातल्याच जैनुद्दीनचा थोरला भाऊ नजमुद्दीन. तो बोटीवर खलाशी होता आणि बोटीबरोबरच बुडाला. दुसरा मिठागरात राबणारा धर्मा. तो मजुरांच्या पलटणीतून बसऱ्याला गेला आणि तिथे तापाने मेला. दोघांचीही माती गावाला मिळाली नाही.

धर्मा गेला तेव्हा त्याची बायको कृष्णाबाई पोटुशी होती. खांब उभा राहिला त्या वर्षी ती माझ्याकडे आली आणि खांबावर त्यांचं नाव घाला म्हणाली. तेव्हाही तिने नाव घेतलं नाही. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तो मेल्यावरही नाही. 'कमळीच्या बापसाचं नाव' एवढंच म्हणाली. मी अर्ज लिहिला. उत्तर आलं, नावे कोरण्याची पद्धत नाही, आकडा पुरेसा आहे. मी ते तिला वाचून दाखवलं आणि ती उठून गेली. मलाही त्यात वावगं वाटलं नव्हतं, हे आज कबूल करतो.

त्या बत्तीस सालच्या जानेवारीत गावातल्या काही पोरांनी खांबावर तिरंगी निशाण बांधलं, घोषणा दिल्या आणि पोलीस यायच्या आत मिठागरातून पसार झाली. आठवड्याच्या आत हुकूम आला. खांबाच्या पन्नास पावलांच्या आत पाच किंवा अधिक माणसांनी जमू नये. मी दवंडी पिटवली. माणगावकडचे तुळशीराम हवालदार बंदोबस्ताला आले. त्यांनी स्वतः पन्नास पावलं मोजली आणि खांबाभोवती चुन्याची गोल रेघ मारून घेतली. जैनुद्दीन दर शुक्रवारी खांबापाशी भावासाठी फातिहा वाचतो, त्याला त्यांनी अडवलं नाही. एकटा माणूस कायद्यात बसत होता.

अडचण झाली ती कमळच्या लग्नाची. कमळ म्हणजे धर्माची मुलगी, बापाचं तोंड न पाहिलेली. धर्माची आई सोनूबाई माझ्या ओटीवर येऊन बसली.

"पाटील, पोरीची पयली हलद बापसाला लावाची हाय, त्या खांबाला. पाच सवाशणी आन् नवरी. तुजी रेघ पुसून टाक."

"रेघ माझी नाही, आत्या. सरकारची आहे."

"सरकारला लेकी न्हाय का?"

मी हवालदारांकडे गेलो. ते सुरूच्या सावलीत खाटेवर बसून पागोटं बांधत होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पाटील, आज हळद आहे, मान्य. उद्या कुणी हळदीच्या नावावर निशाण आणलं तर? मी प्रत्येकाच्या मनात शिरून बघू? मला माणसं मोजता येतात, मनं नाही."

बोलणं खोटं नव्हतं. पण हळद मागणाऱ्या बाईचंही खोटं नव्हतं. दोन खऱ्यांच्या मधे सापडला की पाटील हिशेबाला बसतो. मीही बसलो आणि तोडगा काढला. पाचही सवाशणींनी रेघेबाहेरच हळदीच्या वाटीला हात लावायचा. मग त्यांतल्या तिघींनी कमळला घेऊन आत जायचं. तीन आणि एक, चार. शास्त्रही राहिलं, हुकूमही राहिला. हवालदार म्हणाले, "चालेल." सोनूबाई कुरकुरली, पण तयार झाली. मी दोन दिवस गावात शहाणपण मिरवत फिरलो. माझी बायको राही म्हणाली, "एवढं फुगू नका," तरीही फिरलो.

हळदीच्या दिवशी सकाळी बायका वाजतगाजत आल्या. वाजंत्री रेघेपासून लांब थांबवली. ठरल्याप्रमाणे पाचीजणींनी वाटीला हात लावला. सोनूबाई, राही आणि शेजारची एक अशा तिघी कमळला मधे घेऊन आत गेल्या. हवालदारांनी बोटांवर मोजलं आणि मान हलवली.

तेवढ्यात कृष्णाबाई रेघ ओलांडून चालू लागली.

ती सगळ्यांच्या मागे, सुरूच्या बुंध्याशी उभी होती. विधवा हळदीला शिवत नाही, तिने लांब उभं राहायचं, हे ठरलेलंच. म्हणून तर मी तिला मोजलं नव्हतं. सोनूबाईने मोजलं नव्हतं, राहीने मोजलं नव्हतं. पोरीच्या आईला आम्ही कुणीच हिशेबात धरलं नव्हतं, आणि मला त्या क्षणापर्यंत त्याची लाजही वाटली नव्हती. मग मात्र अशी वाटली की मान वर करवेना.

"पाच झाल्या!" हवालदार ओरडले.

"कृष्णे, मागं फिर!" सोनूबाई म्हणाली. "पोरीची हलद हाय. अपशकून नको."

कृष्णाबाई खांबापाशी जाऊन थांबली. कमळने आजीच्या हातातली वाटी घेतली आणि आईपुढे धरली. सोनूबाई नुसती बघत राहिली. कृष्णाबाईने हळद घेतली आणि जिथे 'दोन मेली' असं कोरलंय तिथे सगळा हात फिरवला. मग तोच हात लेकीच्या गालांना लावला.

हवालदार घामाघूम झाले होते. आवाज खाली आणून म्हणाले, "बायांनो, कुणीही एक बाहेर निघा. मी काही पाहिलं नाही."

सगळ्यांनी कृष्णाबाईकडे पाहिलं. निघायचं तर तिनेच, हे सांगायची गरज नव्हती.

"मी न्हाय जायाची," ती म्हणाली. "सोला वरसं लांब उभी ऱ्हायली. लिवा काय लिवाचं ते. येकटीचंच लिवा, यांना मी बोलवली नव्हती."

बाहेर वाजंत्रीवाल्यांपाशी आता बरीच माणसं गोळा झाली होती आणि सगळे हवालदारांकडे बघत होते. त्यांना मागे फिरायला जागा उरली नाही. त्यांनी कागद काढला.

"नाव?"

"कृष्णाबाई."

"नवऱ्याचं?"

अशा वेळी बाईच्या जवळचा कुणी पुरुष नाव सांगतो. सासरा काळूराम अंथरुणाला खिळलेला, म्हणून मी पुढे झालो.

"पाटील, तुमी गप ऱ्हा," ती म्हणाली. "मी सांगतंय."

तिने पदर नीट केला.

"धर्मा. धर्मा काळूराम. ह्या गावचा. बसऱ्याला मेला."

राहीने तोंडावर हात ठेवला. सोनूबाई मटकन खाली बसली आणि रडू लागली. लेकाचं नाव सुनेच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं. हवालदारांनी नाव लिहिलं, कागद माझ्यापुढे केला आणि मी साक्षीदार म्हणून सही केली.

लग्न दुसऱ्या दिवशी नीट पार पडलं. त्यानंतर आठवड्याने कृष्णाबाईला अलिबागच्या कोर्टात हजर व्हायचं होतं. मी बरोबर गेलो. वाटेत तिला समजावलं, की चूक झाली म्हण, ताकीद देऊन सोडतील. ती 'व्हय' म्हणाली, पण तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

आम्ही दारापाशीच उभे होतो. पट्टेवाला बाहेर आला आणि खड्या आवाजात त्याने पुकारा केला, "कृष्णाबाई भ्रतार धर्मा काळूराम, हाजिर हो!"

आवारातले वकील, पक्षकार, चहावाला, सगळ्यांनी वळून पाहिलं. ती हलली नाही. मला वाटलं ऐकू आलं नसेल. मी म्हणालो, "अगं, तुलाच बोलावताहेत." तिने मला हाताने थांबवलं.

पट्टेवाल्याने दुसऱ्यांदा पुकारलं, आधीपेक्षा मोठ्याने. तिचे डोळे मिटलेले.

तिसऱ्यांदा तो असा ओरडला, की रस्त्यापलीकडच्या दुकानदारानेही मान वर केली. "कृष्णाबाई भ्रतार धर्मा काळूराम!"

तेव्हा तिने डोळे उघडले. "हाय," म्हणाली, आणि आत गेली.