कियोनी–इथाना, क्रमांक चौदा

आम्ही चोवीस जणी होतो. बारा कियोनी स्टेशनच्या लाल यंत्रात आणि बारा इथाना स्टेशनच्या लाल यंत्रात. प्रत्येकीचे वजन तीनशे दहा ग्रॅम, रुंदी अकरा सेंटिमीटर, मधोमध एक भोक आणि कडेला एक खाच. दोन्ही यंत्रांतल्या मिळून मोजल्या की आकडा चोवीस भरायचा, नाहीतर तेवीस. बावीस कधीच नाही.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी चकती आहे. माझ्या अंगावर दोन स्टेशनांची नावे कोरलेली आहेत आणि त्याखाली माझा क्रमांक आहे, चौदा. समुद्राकडून निघून मोठ्या तळ्याकडे जाणारी जी जुनी रेल्वे होती, तिच्यावरचे अकरा किलोमीटर चारशे मीटर हे माझे सगळे जग. तिथे रूळ एकेरी होते. समोरासमोरून दोन गाड्या एकाच वेळी आत शिरल्या तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून नियम असा होता की आमच्यापैकी एक हातात असल्याशिवाय कोणत्याही ड्रायव्हरने त्या वाटेवर चाक घालायचे नाही. आणि एक जण बाहेर पडली की दोन्ही यंत्रांना आपोआप कुलूप लागायचे. ती पलीकडच्या किंवा अलीकडच्या यंत्रात परत जाईपर्यंत दुसरी निघतच नसे.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. गवतात गुंडाळून, लाकडी खोक्यातून आम्ही मोम्बासा बंदराच्या धक्क्यावर उतरलो. तेव्हापासून मी किती फेऱ्या केल्या, हे मला मोजता आले नाही; पण चढणीला बावीस मिनिटे आणि उताराला सतरा, हे मात्र पक्के ठाऊक आहे.

ते दिवस आठवले की अजून पितळ तापते. इंजिनच्या पुढे मातीचा लाल रस्ता, दोन्ही बाजूंना बाभळी, आणि एखादा जिराफ मान न हलवता आमच्याकडे पाहणारा. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत पाय बांधलेल्या कोंबड्या, केळ्यांचे घड, चटया आणि गाणी. मधल्या डब्यात संध्याकाळी एक माणूस लाकडी हातोडीने धातूच्या चार पट्ट्या वाजवत जायचा, म्हणजे जेवण तयार. कियोनीला गाडी थांबली की बायका उकडलेली कणसे खिडकीपाशी धरायच्या. मी हे सारे इंजिनमधून पाहायची. मोठ्या वेताच्या कड्याला लावलेल्या चामड्याच्या पिशवीत बसून मी जायची. धावत्या गाडीतून ड्रायव्हर ते कडे दंडावर झेलायचा, मला बाहेर काढायचा आणि मोठ्याने वाचायचा, "कियोनी–इथाना, चौदा!" फायरमन तेच परत म्हणायचा. मग मी पुन्हा पिशवीत. एवढा मान कुणाला मिळतो?

कियोनीचे स्टेशनमास्तर मुलवा मला राखेने घासून चकचकीत ठेवायचे. त्यांची बायको कवाता यावरून त्यांना खूप छळायची.

"माझ्या बांगड्यांकडे कधी बघितलंत? या सवतीला मात्र रोज आंघोळ!"

"अगं, हिच्या जिवावर माणसं घरी पोचतात," मुलवा म्हणायचे.

"आणि माझ्या जिवावर तुम्ही जेवता. हिला सांगा मका कांडायला."

तेव्हापासून स्टेशनवरचे सगळेच मला सवत म्हणायला लागले. मला त्याचे वाईट वाटत नसे. कवाता रागावून बोलत नसे.

एकोणीसशे अडुसष्ट साली, मोठ्या पावसाच्या महिन्यात, एका मालगाडीने मला इथानाला न्यायचे होते. तिचा ड्रायव्हर ओज्वांग तळ्याकाठचा, लुओ जमातीचा माणूस, मुलवांचा जुना दोस्त. गाडी कियोनीला पाणी भरायला थांबली होती. मुलवांनी कडे त्याच्या हातात दिले.

"काय मास्तर, तोंड का पडलंय? शेळी हरवली?"

"कवाताचे दिवस भरलेत. नदीला पूर आलाय, रस्ता वाहून गेला. दुपारच्या गाडीनं तिला इथानाच्या दवाखान्यात नेतोय."

"मग हस की लेका! मुलगी झाली तर नाव मी ठेवणार. आयो."

"हे कसलं नाव?"

"आमच्यात वाटेत जन्मलेल्या पोरीला आयो म्हणतात. तुझी वाटेतच होणार बघ. तुमच्या गाड्या कधी वेळेवर येतात?"

"गाड्या तू चालवतोस, मासेखाऊ. मी नाही."

दोघे पोट धरून हसले. हसता हसता ओज्वांगने मला पिशवीतून काढले आणि वाचले, "कियोनी–इथाना, चौदा!" तेवढ्यात कवाता क्वार्टरकडून आली. चालणे जड झाले होते, तरी हातात वाफाळता वाडगा होता, कांडलेला मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला.

"ड्रायव्हरदादा, उपाशी जाऊ नका. त्या सवतीला आधी बाजूला ठेवा नि मग हे धरा. भाजेल."

गरम वाडगा धरायला दोन हात लागतात. ओज्वांगने मला कोटाच्या खिशात ठेवले.

फायरमन वाफ बघत होता. शिट्टी झाली. इथानाला आमची मालगाडी थांबणार नव्हती. तिथल्या हमालाने धावत्या इंजिनमधून कडे घेतले आणि पुढच्या टप्प्याचे कडे वर दिले. त्याच्या हाती आलेली पिशवी रिकामी होती. त्याने ती उघडेपर्यंत शेवटचा डबा सिग्नलच्या पलीकडे गेला होता. मी खिशात होते. मला सगळे कळत होते आणि मला ओरडता येत नव्हते.

पुढचे मी नंतर ऐकले, पुष्कळदा ऐकले, कारण मुलवा आणि इथानाचे स्टेशनमास्तर न्दोलो आयुष्यभर तेच बोलत राहिले.

दुपारची गाडी एक वाजून दहा मिनिटांनी कियोनीला आली. कवाताला डब्यातल्या बाकावर आडवे केले. गावातली एक सुईण बरोबर होती. मुलवांनी यंत्राचा दांडा ओढला. तो हलला नाही. त्यांनी फोन उचलला.

"न्दोलो, चौदा जमा कर. यंत्र अडलंय."

"चौदा माझ्याकडं नाही. पिशवी रिकामी आली. ओज्वांग घेऊन गेला बहुतेक."

"घेऊन गेला म्हणजे?"

"म्हणजे नेली, मास्तर! पुढच्या सगळ्या स्टेशनांना फोन लावतोय, पावसानं अजून एकही लागत नाही. मालगाडी पूर्ण गेली, शेवटच्या डब्याची पाटी मी डोळ्यांनी पाहिली. लाइन मोकळी आहे. कवाता गाडीत आहे ना? सोड गाडी."

"चकतीशिवाय?"

"माझ्या शब्दावर."

नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका फाट्यावर, असाच कुणाच्या तरी शब्दावर एका मास्तरने गाडी सोडली होती. तिथे प्रेते उचलायला गेलेल्यांत मुलवा होते.

"गाडीत दोनशे ऐंशी माणसं आहेत, न्दोलो," ते म्हणाले. "त्यांतलं माझं एक आहे."

वरच्या साहेबाची लेखी परवानगी असती तर चालले असते. पण साहेब फिरतीवर होते आणि सापडत नव्हते. रुळांवरची ढकलगाडी न्यायची तरी चकती हवीच. कुणीतरी म्हणाले, खाटेवर घालून रुळांवरून चालत नेऊ, पूल शाबूत आहे. मुलवा म्हणाले, "थांबा. आत्ता सापडेल. गाडीनं बावीस मिनिटांत पोचेल." मग अर्ध्या तासाने पुन्हा तेच म्हणाले. मग पुन्हा.

कवाताने खिडकीतून विचारले, "मिळाली का हो तुमची सवत?"

"येतेय," मुलवा म्हणाले.

"रुसली असेल. मी फार बोलते तिला."

तीन वाजून पाच मिनिटांनी, कियोनीच्या फलाटाला उभ्या असलेल्या त्या डब्यात मुलगी जन्मली. ती लगेच रडली. कवाताचे रक्त मात्र थांबेना.

तिकडे तिसऱ्या स्टेशनवर आमची मालगाडी थांबली, तेव्हा घामेजलेल्या ओज्वांगने कोट काढून खुंटीला अडकवला. खिसा इंजिनच्या पत्र्यावर आपटला आणि मी वाजले. त्याने हात घातला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. पलीकडून इथानाकडे जाणारी गाडी निघतच होती. तो रुळांवरून धावला आणि तिच्या ड्रायव्हरच्या हातात मला कोंबले. "इथाना! इथाना!" एवढेच त्याला बोलता आले.

चार वाजून पन्नास मिनिटांनी न्दोलोंनी मला इथानाच्या यंत्रात टाकले. आतली घंटा वाजली. कियोनीचे कुलूप सुटले. गाडी तीन तास चाळीस मिनिटे थांबली होती.

पाच वाजून बारा मिनिटांनी ती इथानाला आली, माझी बहीण क्रमांक नऊ तिच्या इंजिनमध्ये होती. दवाखान्याची माणसे खाट घेऊन फलाटावर उभी होती. ती खाट रिकामीच परत गेली. मुलवा मुलीला छातीशी धरून उतरले. कवाताला मागाहून, चटईत गुंडाळून उतरवले.

चौकशी झाली. ओज्वांगने काही लपवले नाही. त्याला इंजिनवरून काढून रेल्वेच्या कारखान्यात साफसफाईला ठेवले. मुलवांना शाबासकीचे पत्र आले. ते त्यांनी चुलीत घातले. मुलीचे नाव आयो ठेवले. कांबा जमातीच्या घरात लुओ नाव कसे, असे नातेवाईक विचारायचे. मुलवा म्हणायचे, "तो ठेवून गेला होता. मी फक्त हाक मारली." ओज्वांग दरवर्षी सुकवलेल्या माशांची जुडी घेऊन यायचा, आयोला खांद्यावर बसवायचा, पण कचेरीच्या दारातून, जिथून यंत्र दिसते तिथून, तो कधी आत आला नाही. आणि मला कुणी पुन्हा राखेने घासले नाही.

वाफेची इंजिने गेली. डिझेलची आली. रोजची गाडी आठवड्यातून तीनदा झाली, मग एकदा. जेवणाच्या डब्यातल्या पट्ट्या वाजायच्या थांबल्या. मुलवा निवृत्त झाल्यावरही स्टेशनमागेच राहिले आणि गाडीच्या वेळेला बाकावर येऊन बसायचे. मग दोन किलोमीटरवर उंच खांबांवरून नवी रुंद रेल्वे गेली. तिला आमची गरज नाही. ती कियोनीला थांबतही नाही. आमच्या लाइनीवरून शेवटची गाडी गेली, त्या दिवशी योगायोगाने मीच बाहेर होते. इथाना स्टेशनात आता माणूस उरला नव्हता, म्हणून ड्रायव्हरने परतीच्या फेरीत मला कियोनीलाच म्हाताऱ्या मुलवांच्या हातात दिले. त्यांनी मला यंत्रात टाकले नाही. खिशात ठेवले.

पुढे भंगारवाले आले. माझ्या बहिणी पोत्यात भरून, वजनावर गेल्या. मी मुलवांच्या उशाखाली अकरा महिने होते.

मित्रांनो, तुमच्याकडे अशी एखादी वस्तू असेल, जी दुसऱ्याच्या वाटेची आहे, तर घरी गेल्यावर तुमचे खिसे एकदा तपासा. मला माझ्या गंजाचे दुःख नाही. पितळ गंजत नाही, फक्त काळे पडते. दुःख याचे आहे की मी हरवले नव्हते. मी सुखरूप होते, ऊबदार होते, एका चांगल्या माणसाच्या खिशात होते.

शेवटच्या आजारात मुलवांनी आयोला जवळ बोलावले. ती आता पन्नाशीची होती, शाळेत गणित शिकवायची.

"ही इथानाला जमा कर," ते म्हणाले.

"बाबा, तिथलं यंत्र तरी असेल का?"

"न्दोलोच्या पोरानं ठेवलंय, भिंतीतलं आहे. ही बाहेर राहिली तर वाट अडूनच राहते, पोरी."

"मोटारीनं नेते उद्या."

"मोटारीनं नको. रुळांवरून ने. त्या दिवशी चालत नेली असती तर किती वेळ लागला असता, एकदा मोजून तरी बघ." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवले. "माझं धाडस झालं नाही."

मुलवांना पुरल्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आयो कियोनीच्या फलाटावर आली. तिने मला राखेने घासले. पन्नास वर्षांनी मी चमकले. मग तिने घड्याळ पाहिले, माझ्यावरची नावे मोठ्याने वाचली आणि रुळांत उतरली. रुळांखालचे स्लीपर काही जागी चोरीला गेले होते, गवत कमरेएवढे होते. पुलावर ती एकदाही थांबली नाही. खाली नदी लाल होती. तिने मला सगळी वाट हातात धरले होते, खिशात ठेवले नाही.

इथानाच्या कचेरीत, कोळिष्टकांमागे, ते लाल यंत्र होते. आयोने मला खाचेत सरकवले. घंटा वाजली नाही. तिने पुन्हा घड्याळ पाहिले आणि खडूच्या तुकड्याने भिंतीवर लिहिले:

कियोनी ते इथाना, पायी. दोन तास एक्कावन्न मिनिटे.