आकडेबाबा आणि सुटलेल्या कोंबड्या

आकडेबाबाच्या खोलीबाहेर इतकी गर्दी, की मुंगीलाही कोपर मारूनच आत शिरावं लागलं असतं. एकाने सदरा उलटा घातला होता, दुसऱ्याने श्वास कोंडून डोळे पांढरे केले होते आणि शिंपीदादा एका पायावर उभे होते. मागे एकदा पायात गोळा आला म्हणून ते लंगडत आत गेले आणि नेमका त्याच दिवशी सोडतीत त्यांचा आकडा लागला. तेव्हापासून बाबाकडे जायचं ते लंगडी घालतच. पुन्हा काही आकडा लागला नव्हता. पण त्यात बाबाचा काय दोष? पायच नीट उचलला गेला नसणार!

आज हातगाडीवर त्यांचं शिलाई मशीन दोरीने बांधून तयार होतं. त्याच मशीनवर घर चालायचं. मशीन घेणारं गिऱ्हाईकही ठरलेलं. बाबाने आकडा दिला, की मशीन विकून सगळा पैसा त्यावर लावायचा.

बाबा दहा-दहा जणांना आत घ्यायचा. एकेकाला पडद्यामागे नेऊन तळहातावर कोळशाने आकडा काढायचा आणि दरडावायचा, "मूठ झाक! तिकीटखिडकीच्या आधी उघडलीस तर आकडा मेला. बायकोला दाखवलास तर तू मेलास!" लागलेल्या पैशात अर्धा वाटा बाबाचा. बुडालेल्या पैशाचा मात्र बाबाला अजिबात मोह नव्हता.

शिंपीदादांसकट आतल्या दहाही जणांचे आकडे काढून झाले. शिंपीदादा मूठ आवळून लंगडी घालत दाराशी आले, तर समोर मेव्हणी! ती जनावरांची डॉक्टर. बहिणीचा रडत फोन आला तशी औषध पाजलेल्या कोंबड्यांची टोपली घेऊनच धावत आली होती.

"भावोजी, आधी मशीन खाली उतरवा!"

"बाजूला हो गं, लंगडी मोडेल माझी!"

मोडलीच. भावोजी थेट टोपलीवर. कोंबड्या फडफडत सुटल्या, एक तर बाबाच्या जटांत जाऊन बसली.

"धरा! धरा हिला!" बाबा किंचाळला.

खुद्द बाबाचा हुकूम! सगळ्यांनी मुठी सोडून हात पसरले.

"थांबा!" मेव्हणी ओरडली. "हात तसेच ठेवा सगळ्यांनी!"

दहा तळहातांवर शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे हजर होते.

"एक लागणारच," ती म्हणाली. "तो गावभर नाचतो. उरलेले नऊ, आपलंच काही चुकलं म्हणून गप्प."

"पण लंगडत आलो तेव्हा माझा लागला होता ना!"

"ती दाराजवळची कोंबडी बघा. एकदा गिरकी घेताना समोर दाणे पडले. आता भूक लागली की गिरक्या घेते."

कोंबडी गरागरा फिरत होती. शिंपीदादांनी हळूच दुसरा पाय टेकला.

"आपले पूर्वज रानात फळं शोधायचे. नऊ झुडपं रिकामी निघाली तरी जो दहाव्याकडे गेला, तो जगला. आपण त्याचीच पोरं. 'पुढच्या वेळी मिळेल' ही खाज त्याचीच. पण रानातल्या झुडपामागे कुणी वाटेकरी दडलेला नव्हता. इथे आहे."

सगळे वळले. बाबा मागच्या खिडकीत अडकला होता. अर्धा वाटा आत, अर्धा बाहेर.

"तरी पण," उलट्या सदऱ्याचा कुजबुजला, "आज लागणारा आकडा बाबाने कुणाला तरी दिलाच होता की!"

"अरे, मी सगळ्या मापांचे सदरे शिवून ठेवले, तर एक तुला बसणारच! त्यात माझा कसला चमत्कार?" शिंपीदादा खेकसले. "आणि आधी तो सुलटा कर."

मग त्यांनी हातगाडी घराकडे ढकलली. दोन्ही पायांवर.

तुमच्याही हातावर कुणी गुपचूप आकडा काढला, तर एवढंच करा. शेजाऱ्याची मूठ उघडून बघा.