ठरल्याप्रमाणे

नागोराव वायाळांनी नम्रताचा मेल उघडला, दोनदा वाचला आणि त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. बैठक संपवून ते आपल्या खोलीत येऊन टेकतात न टेकतात, तोच मेल हजर. 'आजच्या विभागीय बैठकीत ठरल्याप्रमाणे' अशी सुरुवात आणि खाली मुद्दे. तिसऱ्या मुद्द्यात त्यांचं नाव होतं. सांख्यिकीची प्रश्नपत्रिका वायाळ सर काढतील.

"मी कधी हो म्हणालो?" ते स्वतःशीच म्हणाले.

दिवाळीनंतर हे सुरू झालं होतं. नम्रता केतकर त्यांच्याच अर्थशास्त्र विभागात, सेवाज्येष्ठतेत त्यांच्या लगेच मागे. विभागप्रमुख पाठक सर येत्या जूनमध्ये निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर खुर्ची नागोरावांची. आणि काही कारणानं नागोराव नकोत असं ठरलं, तर नम्रताची. परभणीहून पुण्यात येऊन नागोरावांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. इथला माणूस तोंडावर गोड बोलत नाही, पण कागदावर चोख असतो, हे ते शिकले होते.

मेलवर थांबलं असतं तर गोष्ट वेगळी. मोबाइलवरही निरोप यायचे. 'सर, मघाशी जिन्यात बोललो त्याप्रमाणे बुधवारचा तास मी घेते, शुक्रवारचा आपण.' जिन्यातलं बोलणंही लेखी! नागोरावांनी तोही निरोप जपून ठेवला.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला, मुक्ताला सांगितलं.

"बाई माझ्याविरुद्ध फाइल तयार करतेय."

मुक्तानं उठून टीव्हीचा आवाज कमी केला. "कसली फाइल?"

"मी काय काय कबूल केलं आणि काय केलं नाही, त्याची."

"मग कबूल केलं होतं की नाही?"

नागोरावांनी भाताचा घास उचलला. हल्ली विभागात सगळेच पुटपुटत बोलतात. पंखा घरघरत असतो, पाठक सर तर मिशीतच बोलतात. अशा वेळी मान हलवून मोकळं होणं बरं. पण मान हलवली म्हणजे शब्द दिला, असं थोडंच असतं?

पुढच्या बैठकीत त्यांनी विषय काढलाच.

"केतकर मॅडम, बैठकीचा वृत्तांत लिहायचं काम आपल्याला कुणी दिलंय?"

"कुणी नाही, सर."

"मग माझा पंचनामा बंद करा. जे बोलायचं ते तोंडावर बोलत जा."

सगळे आपापल्या मोबाइलकडे बघू लागले. नम्रतानं त्यांच्याकडे तोंड वळवलं. "ठीक आहे. बंद करते," ती म्हणाली.

आणि खरंच बंद केलं. मेल नाही, निरोप नाही. सुरुवातीला नागोरावांना जिंकल्यासारखं वाटलं. मग वाटू लागलं, आता ही गप्प का?

पूर्वा ही त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. तिची मौखिक परीक्षा गुरुवारी दुपारी होती. गुरुवारी सकाळी नागोराव दुसऱ्या कॉलेजात परीक्षेच्या कामावर होते. तिथल्या नियमाप्रमाणे मोबाइल ऑफिसात जमा. काम आटोपून, मोबाइल न बघताच खिशात टाकून, डबा खाऊन ते वेळेआधीच विभागात पोचले. सभागृहाला कुलूप होतं. पूर्वा पायरीवर बसली होती. साडी नेसलेली, डोळे सुजलेले.

"परीक्षक कुठायत?"

"गेले, सर. त्यांची गाडी होती, म्हणून परीक्षा सकाळी घ्यायचं ठरलं ना? कालच्या बैठकीत मीच चहा घेऊन आत आले होते. पाठक सर तुम्हाला विचारत होते." तिनं वर बघितलं. "तुम्ही मान हलवलीत."

मार्गदर्शक नसल्यामुळे परीक्षा पुढे ढकलली होती. नवी तारीख नक्की नव्हती. पुढच्या आठवड्यात पूर्वाची एका कॉलेजात मुलाखत होती आणि तिथे पदवी पूर्ण झालेली हवी होती. तिनं हे सांगितलं तेव्हा नागोराव तिच्या चेहऱ्याकडे, मग तिच्या ओठांकडे बघत होते. बघत होते म्हणून त्यांना कळत होतं.

ते वर नम्रताच्या खोलीत गेले. ती संगणकावर काहीतरी लिहीत होती. त्यांना बघताच तिनं हात थांबवले, खुर्ची वळवली आणि पूर्ण त्यांच्यासमोर झाली. ती नेहमी असंच करायची, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"ते मेल माझ्यासाठी होते?"

"सगळ्यांसाठी होते, सर."

"माझ्यासाठी?"

"एकट्या तुम्हाला पाठवले असते, तर तुम्हाला चाललं असतं?"

नागोराव समोरच्या खुर्चीवर बसले. "तुम्हाला कधी कळलं?"

"दिवाळीआधी. पाठक सरांनी तुम्हाला दोन वर्गांपैकी कुठला घेणार, असं विचारलं. तुम्ही हो म्हणालात."

नागोरावांना हसू आलं नाही. "पाठकांना माहीत आहे?"

"माझ्याकडून नाही."

"आणि जूनमध्ये?"

"जूनमध्ये तुमचा नंबर आहे, सर. कानाच्या डॉक्टरांकडे त्याआधी जाता येईल."

ती उठून खिडकीशी गेली आणि खाली बघत, पाठमोरी, काहीतरी बोलली. नागोरावांची मान सवयीनं हलू लागली होती. त्यांनी ती थांबवली.

"काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. "मला ऐकू आलं नाही."

नम्रता वळली. आवाज न चढवता तिनं पुन्हा सांगितलं, "म्हटलं, पूर्वा अजून खालीच बसलीय. तिला वर बोलावू?"

"बोलवा," नागोराव म्हणाले. आणि उठून त्यांनी भिंतीशी असलेली खुर्ची ओढून आपल्या अगदी समोर ठेवली.